डिंक तळायला घेण्याआधी

अ‍ॅमस्टरडॅम

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

धाकटी पुढच्या पंधरवड्यात बाळंतपणाला सोलापूरला येईल. तू तयारीला लागली असशीलच, म्हणून घाईने लिहिते आहे.

'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' असं तिला म्हणू नकोस. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, गरोदरपणात रोजच्या 350 कॅलरीच जास्तीच्या सांगितल्यात. एक लहान ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि अर्धा ग्लास म्हशीचं दूध, झालं. वरण मात्र हवंच. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा एक घटक कमी असतो, ती उणीव डाळ भरून काढते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तेल यांवर रोजचं जेवण उरकू नये.

1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची मुलं तपासली. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. अशा अंगाला पुढे मधुमेह लवकर गाठतो. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. इथे नेदरलँड्समध्ये 1944-45च्या हिवाळ्यातल्या, महायुद्धातल्या उपासमारीत पोटात असलेल्यांचीही पन्नाशीत साखर बिघडलेली दिसली. म्हणून एकादशी-संकष्टीचे उपास सध्या नकोत. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च.

याज्ञिकांचंच आणखी एक निरीक्षण आपल्या शाकाहारी घराला लागू पडतं. आईच्या रक्तात फोलेट (फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी असेल, तर मुलांच्या शरीराची सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद कमी दिसली. याचा अर्थ फोलिक अ‍ॅसिड बंद करायचं असा नाही हं! बी-12 तपासून घ्यायचं, कमी निघालं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील. पालेभाजीत ते नसतं. दूध-दह्यात असतं, पण थोडंच.

लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर देऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर दे. कॅल्शियमची गोळी दोन तासांनी. शौच काळी होते, त्याला घाबरून बायका गोळी सोडतात. ते लोहामुळेच होतं.

24 ते 28 आठवड्यांतली साखरेची तपासणी राहिली असेल तर आल्या आल्या करा. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी रक्त. 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, चरबी साठवतं आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम उतरते. तसं निघालं तर डोहाळजेवणाला ओटी भरा, पण ताटातली जिलेबी तिला आग्रहाने भरवू नका.

आता बाळंतिणीचा खुराक. अंगावर पाजताना पहिले सहा महिने जास्तीच्या 600 कॅलरी लागतात. पन्नास ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात सव्वादोनशे-अडीचशे असतात, म्हणजे रोज एकच. बाकी भाकरी, डाळ, मेथी, शेपू. दुधातली साखर आईच्या खाण्याने फारशी बदलत नाही, चरबीचा प्रकार मात्र बदलतो. वनस्पती तुपातली खारी-बिस्किटं खाल्ली की त्यातली ट्रान्स चरबी, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी अपायकारक चरबी, बाळाच्या पोटात. त्याऐवजी जवसाची चटणी आणि अळिवाची खीर, गूळ बेताने. आणि पाणी तोडू नकोस, तहान लागेल तेवढं दे.

साखरेचा आणि बी-12चा आकडा आला की रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझी,
माई