'मी मूर्ख आहे' याचं व्हाउचर

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या समुपदेशक म्हणून तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतंच 'मॅडम'. पत्र मात्र जाहीर लिहितेय. स्वतःला शिव्या घालत रोकड जुळवणारी मी काही एकटी नसेन.

तुम्हाला आठवत असेल, मी पतसंस्थेत हिशेब बघते. एकदा ४,५६० चे ४,६५० लिहिले आणि संध्याकाळी ९० रुपयांचा फरक निघाला. साडेआठपर्यंत बसून शोधला, सापडलाही. पण लोकलमध्ये, कुकर लावताना, रात्री २ वाजता जाग आली तेव्हाही डोक्यात एकच चालू: 'वेंधळी, मूर्ख, डोक्यात नुसता भुसा.' हे तुम्हाला सांगताना रडायलाच आलं. तुम्ही विचारलंत, "शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून हेच झालं असतं तर?" मी पटकन म्हटलं, "तिला सांगितलं असतं, अगं, फरकाला ९ ने भाग जातोय, म्हणजे आकडे उलटे पडले असतील. थांब, शोधू." तुम्ही काहीच बोलला नाहीत. मीच गप्प झाले.

मग तुम्ही माझीच भाषा उचललीत. "चहाच्या ५० रुपयांनाही व्हाउचर मागता ना? मग 'मी मूर्ख आहे' ही नोंद बिनव्हाउचरची कशी पास केलीत?"

वहीत तीन रकाने आखून दिलेत: काय घडलं, मी स्वतःला काय म्हटलं, पुरावा काय. तिसरा बहुतेकदा कोराच राहायचा. मग 'मी वेंधळी आहे' खोडून 'आज एक आकडा उलटा लिहिला' असं लिहायचं. आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे' म्हणायला लावलं नाहीत, हे फार बरं केलंत. त्याचंही व्हाउचर माझ्याकडे नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसही तुमच्यामुळेच कळले. १९५५ पासून ही विवेकनिष्ठ, म्हणजे स्वतःबद्दलचे विचार पुराव्यावर तपासायला लावणारी उपचारपद्धत मांडणारा माणूस तरुणपणी इतका बुजरा, की १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन महिनाभरात १०० अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही! हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू फुटलं, त्या खोलीत पहिल्यांदाच. माणसाच्या कृतीला मार्क द्यावेत, माणसाला नाही, हे त्यांचं म्हणणं त्या हसण्यात गळी उतरलं. आधी दोनदा समजावलं होतंत, तेव्हा नुसती मान हलवली होती. आज कबूल करते.

तो आवाज अजून येतो. यंदा ३१ मार्चला ६३ चा फरक आला आणि तोंडातून 'मूर्ख' निघालंच. मग ९ ने भागलं. ७ आले. म्हणजे उलटे पडलेले आकडे एकमेकांपासून ७ ने लांबचे. १० मिनिटांत सापडलं, ८१ चे १८ झाले होते. दुरुस्त केलं, वर सही केली आणि ७:४० ची गाडी पकडली.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारी