पाच वर्षं म्हणजे पाचच वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यकर्ते राज्यघटनेच्या मर्यादा पाळतात का, याची चर्चा आपल्याकडे राजभवन आणि विधानसभा अध्यक्षांचं दालन यांच्याभोवतीच फिरते. मला सर्वांत ढळढळीत उदाहरण आपल्या महापालिकांचं वाटतं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, गुलाल उधळला गेला आणि झालं गेलं गंगेला मिळालं. ते इतक्या सहज मिळू नये म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरचा. आमच्या महापालिकेची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली आणि सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतरचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये. एक अख्खी मुदत प्रशासकाच्या हाती गेली. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ८१ प्रभागांपैकी एकाही प्रभागाला नगरसेवक नव्हता. पूररेषेतली बांधकामं, नाल्यांची सफाई, नुकसानीचे पंचनामे यांवर सभागृहात उभं राहून जाब विचारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. मुंबई आणि पुण्यात मार्च २०२२ पासून हीच स्थिती होती. नवी मुंबई आणि औरंगाबादेत तर २०२० पासूनच.

आता घटना काय म्हणते ते पाहा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-यू मध्ये पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं आहे, त्याहून अधिक नाही. मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. पालिका मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे पुन्हा बजावलं होतं. इतकी सरळ तरतूद असूनही राज्यात पाच पाच वर्षं प्रशासक बसतात आणि त्यासाठी कुणालाही राजीनामा द्यावा लागत नाही.

कारणं सांगितली गेली. करोनाचं कारण सुरुवातीला खरं होतं, पण त्याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, राज्यात हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं. मग ओबीसी आरक्षण. ते आरक्षण हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण स्थानिक संस्थांमधलं आरक्षण मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करून ठरवा, असं घटनापीठाने २०१० मध्येच सांगितलं होतं. मधल्या अकरा वर्षांत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने कान धरल्यावर धावपळ सुरू झाली. ज्यांच्या नावाने निवडणुका थांबवल्या, त्या ओबीसी समाजाचंच हे सर्वांत मोठं नुकसान आहे.

प्रभागरचनेची कथा तर अधिक क्लेशदायक. मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला. विरोधी बाकांनीही साथ दिली. मुंबईच्या जागा आधी २२७ वरून २३६ केल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने त्या पुन्हा २२७ केल्या. प्रकरण न्यायालयात अडकलं आणि ‘जैसे थे’ आदेशाखाली वर्षं सरली. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. ती मुदतही पाळली गेली नाही आणि ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख द्यावी लागली. न्यायालयानेही हे आधी करायला हवं होतं, हे मी आदर राखून म्हणतो.

प्रशासक म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आयुक्तच प्रशासक होतात. अंदाजपत्रक तेच मांडणार, स्थायी समिती म्हणून तेच मंजूर करणार आणि महासभा म्हणूनही तेच. मुंबईचं २०२५-२६ चं ७४ हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक असंच एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या हाताशिवाय मंजूर झालं. अधिकारी वाईट असतात असं मुळीच नाही. पण त्यांची बदली मंत्रालयातून होते, त्यामुळे त्यांचं लक्षही मंत्रालयाकडेच राहणार. निवडणूक लांबण्यात राज्य सरकारचा फायदा आहे तो हाच.

राज्यपालांनी विधेयकांवर किती दिवसांत निर्णय घ्यावा, याची मुदत न्यायालय ठरवू शकत नाही, असं घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, कारण घटनेत तिथे तसा आकडा नाही. बरं, मानू या. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा सदस्यांच्या नावांची फाइल २०२० पासून अशीच राजभवनात पडून राहिली होती. पण जिथे घटनेने आकडा लिहून ठेवला आहे तिथे तरी तो पाळला का? आकडा नसेल तर त्याचा आधार घ्यायचा आणि असेल तर विसरायचा, हे कसं चालेल?

आणीबाणीत १९७६ साली लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा तुरुंगात असलेल्या मधू लिमये आणि शरद यादव यांनी खासदारकी सोडली. जनतेने पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, तेवढीच वर्षं आपली, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. आमच्या पालिकांच्या बाबतीत मात्र एकाही आमदाराने राजीनाम्याचा नुसता इशारा दिल्याचंही मला आठवत नाही.

आताच्या सभागृहांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. त्याआधी नवी जनगणना येणार, म्हणजे प्रभाग पुन्हा आखावे लागणार आणि नवं कारण तयारच आहे. म्हणून येत्या अधिवेशनातच प्रभागरचना निवडणूक आयोगाकडे परत द्यावी. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी रचना आणि आरक्षण अंतिम व्हावं. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपुढे जाणार नाही आणि त्या काळात त्याला मोठे करार करता येणार नाहीत, असंही कायद्यात लिहावं. आपल्या वृत्तपत्राने सत्ताधारी आणि विरोधक, दोन्ही बाजूंच्या नेत्यांना हे मान्य आहे का ते नावानिशी विचारावं आणि त्यांची उत्तरं छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर