इथे 7 का, ते सांग

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, नंबरही घेतला नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, तिसऱ्या सीटवर तुम्ही आणि चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली मी. तुमच्या हातात चार घड्या घातलेला पेपर आणि त्यातलं सुडोकू. आठवलं ना?

बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. कुणी चौकशी केली की मला रडू यायचं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत, फक्त पेन्सिल पुढे केलीत. मी घाईने एका घरात 7 लिहिला, तर म्हणालात, "इथे 7 का, ते सांग." मला सांगता आलं नाही. तुम्ही तो खोडलात. बरोबर होता तरी खोडलात!

मग ठाणे यायच्या आत समजावलंत. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि 3 बाय 3 घरांच्या प्रत्येक चौकोनात 1 ते 9 हे आकडे एकेकदाच. वरच्या तीन चौकोनांपैकी डावीकडच्यात 7 पहिल्या ओळीत आहे, मधल्यात दुसऱ्या. म्हणजे उजवीकडच्या चौकोनात तो तिसऱ्याच ओळीत हवा, आणि तिथली दोन घरं आधीच भरलेली आहेत. उरलं एक. नीट रचलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं, त्यामुळे अंदाजाची गरजच पडत नाही, हे तुमच्याकडून कळलं.

पुढे जोड्या शिकवल्यात. एका ओळीतल्या दोन घरांत 3 आणि 8 एवढेच आकडे बसत असतील, तर कोणता कुठे हे कळायच्या आधीच त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून 3 आणि 8 खोडायचे. मला हे फार आवडलं. सगळं उलगडलेलं नसतानाही पुढे सरकता येतं, हे त्या दिवसांत मला कुणीतरी दाखवायला हवं होतं.

सुरुवातीला निदान 17 आकडे दिल्याशिवाय एकमेव उत्तराचं सुडोकू होत नाही, हे 2012 मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने संगणकावर सिद्ध केलं. ते मी खूप नंतर वाचलं, आणि पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. पण तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात.

शेवटच्या दिवशी दादरला उतरताना तुम्ही पेपर माझ्या मांडीवर ठेवलात. "पाचव्या ओळीत 6 कुठे? आणि का?" ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. मला तीन आठवडे लागले, काकू.

दुसऱ्या आणि सातव्या आडव्या ओळीत 6 ला दोन-दोनच जागा आहेत, आणि दोन्हीकडे त्याच: चौथा आणि नववा स्तंभ. एका ओळीत तो चौथ्यात गेला तर दुसरीत नवव्यातच जाणार. कसंही झालं तरी ते दोन्ही स्तंभ 6 पुरते भरले. पाचव्या ओळीत 6 ला पहिलं आणि नववं अशी दोनच घरं होती. नववं बाद झालं.

म्हणून पहिल्या घरात. खोडरबर न वापरता लिहिलाय.

तुमची,
चौथ्या सीटवरची