आधी माळी, मग कारंजे

इंदिरानगर, नाशिक

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सोलापुरातल्या तुमच्या कॉलनीची ओसाड पडलेली बाग दुरुस्त करायला निधी मंजूर झाला आणि रहिवाशांकडून सूचना मागवल्या आहेत, हे वाचून आनंद झाला. सूचनांची यादी वाचून मात्र थोडी धास्ती वाटली. प्रवेशद्वारावर कमान, मधोमध कारंजे, सेल्फी पॉइंट, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिम. यातली एकही गोष्ट बाग जिवंत ठेवत नाही. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी उडते, पुढे केव्हातरी त्याची मोटार जळते आणि उरलेल्या हौदात डास होतात, हे दृश्य तुझ्या गावात तसेच माझ्याही गावात आहे.

बांधकामाला पैसा चटकन मिळतो, कारण त्याचे भूमिपूजन होते, फीत कापता येते, फलक लावता येतो. गवत कापणे, झाडांना पाणी घालणे, झोपाळ्याची झिजलेली कडी मुलाच्या डोक्यात पडण्याआधी बदलणे, या कामांना फलक लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तरतूदही राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तुम्ही आधी माळी मागा, आणि तो रोज येणारा, तुमच्याच बागेचा म्हणून ओळखला जाणारा असावा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची दशा एके काळी आपल्या कुठल्याही उजाड बागेला लाजवील अशी होती. 1980 मध्ये तिथे देखभालीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने त्या अवाढव्य उद्यानाचे 49 विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका माळ्याच्या हवाली केला. त्यामुळे अमुक कोपऱ्यात कचरा साचला तर कोणाला विचारायचे, हा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे चार-पाच बागा मिळून एक ठेका निघतो, माणसे आज इथे तर उद्या तिथे, आणि झाड वाळले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आमच्या बागेत एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याला अगदी भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि फटींत सिमेंट भरले होते. पावसाचे पाणी वरच्या वर गटारात जाई, आणि मुळांच्या रेट्याने उचकटलेल्या ब्लॉकना म्हातारी माणसे ठेचकाळत. नवे माळीबुवा आले तेव्हा त्यांनी पहारीने भोवतालचे ब्लॉक काढले, खालचा खडीचा थर उकरला, ऐसपैस आळे केले आणि त्यात बागेतलाच वाळका पाला अंथरला. काढलेले ब्लॉक कडेला रचून त्यांनी मुलांना बसायला कट्टाही केला. या सगळ्याला वेगळा निधी लागला नाही. पावसाळ्यात गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचे, ही शिस्तही त्यांचीच. फुलल्यावर उपटले तर बी पसरते आणि पुढच्या वर्षी दुप्पट गवत उगवते.

दुसरी गोष्ट आतले बाहेरून दिसण्याची. ब्रायंट पार्क हेही न्यूयॉर्कमधलेच, 1970 च्या दशकात गर्दुल्ल्यांचा अड्डा झालेले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने तिथे बसून माणसे पाहिली आणि निदान केले की बाग रस्त्यापेक्षा उंच आहे, भोवती कुंपण आणि दाट झुडपे आहेत, वाटा मोजक्या आहेत, त्यामुळे आतले बाहेरच्याला दिसत नाही आणि सज्जन माणूस आत पाऊल टाकत नाही. 1988 मध्ये ती बाग बंद करून झुडपे काढली, वाटा वाढवल्या, कुठेही ओढून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या, आणि 1992 मध्ये खुली झाल्यावर ती माणसांनी भरून गेली. एखाद्या जागेत बायका कमी दिसल्या की तिथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे, हे व्हाइटचे निरीक्षण तर मला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा उपयोगाचे वाटते. त्या बागेचा खर्च मात्र सरकारी पैशावर नव्हे, तर आसपासच्या मालमत्ताधारकांची वर्गणी, जागाभाडे आणि प्रायोजक यांच्यावर चालतो. तो भाग आपण उचलू नये. आपल्या घटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणे नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत स्पष्ट लिहिलेली आहेत, तेव्हा ती जबाबदारी सोसायटीच्या वर्गणीवर ढकलू देऊ नका. उजेडासाठी फांद्या छाटायच्या झाल्या तर 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.

आमच्याकडे गोदाकाठच्या बागांचा प्रश्न निराळा आहे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पुराची पातळी ओळखतो; त्याच्या कमरेला पाणी लागले की काठावरची बाके आणि पायऱ्या गाळाखाली जातात, म्हणून तिथे साधी झाडे आणि मोकळी जमीनच बरी, असे माझे मत आहे. तुमच्याकडे टंचाई पाण्याचीच आहे, त्यामुळे विलायती हिरवळीचा हट्ट सोडा. कडुनिंब, करंज, बहावा, उंबर लावा, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पाणी बागेपर्यंत आणता येते का, हे लेखी विचारा. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 2015 मध्ये नाशिककरांनी देशी झाडांची देवराई लावली. रोपे लावायला गर्दी कुठेही जमते, पण इथे पुढच्या उन्हाळ्यांत पाणी घालणारे हातही मिळाले, म्हणून ती उभी राहिली.

निविदेचा मसुदा हाती आला की त्याची प्रत मला पाठव. त्यात बांधकामाची पाने किती आहेत ते राहू दे, देखभाल किती वर्षांची आहे, माळ्याची हजेरी कोण घेणार आणि झाड मेले तर ठेकेदाराच्या बिलातून कपात होणार का, ही कलमे आधी पाहा. ती नसतील तर हरकतीची मुदत संपण्यापूर्वी कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या आणि महिला मंडळाच्या सह्या घेऊन अर्ज दे; मजकूर मी लिहून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश