भूक परत येते आहे, त्याबद्दल

नागपूर,
दि. १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी सहज बोलून गेलो की अलीकडे साडेअकरा वाजले की पोटात कावळे ओरडू लागतात, आणि त्या एका वाक्यावरून घरात दोन पक्ष पडले असे ताईकडून कळले. आईने देवापुढे साखर ठेवली; बाबांनी मात्र "म्हणजे एवढा पैसा आणि एवढी चिरफाड पाण्यात गेली" असे म्हणून पेपर उघडला. फोनवर या विषयाचा नीट उलगडा होत नाही, कारण आईचा गळा भरून येतो आणि बाबा फोन सूनबाईकडे द्यायला सांगतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे. बाबांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे कारणे सांगितल्याखेरीज त्यांचे समाधान होणार नाही. आईने ती कारणे वाचली नाहीत तरी चालेल, पण महालक्ष्म्यांविषयीचा मजकूर तिने अवश्य वाचावा.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये धंतोलीतल्या दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी माझ्यावर जी शस्त्रक्रिया झाली तिच्यात आतडी तोडली-जोडली नव्हती. दुर्बिणीतून जठराची बाहेरची फुगीर बाजू, म्हणजे जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग, कापून काढला आणि मागे एक उभी अरुंद नळी ठेवली, जिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. जागाच उरली नाही म्हणून मी कमी जेवतो, अशी बाबांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रश्न केवळ जागेचा असता तर मी चार घासांत पानावरून उठलो असतो आणि तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात डबे उघडत फिरलो असतो.

काढून टाकलेल्या भागात जठराचा वरचा घुमटासारखा फुगवटा होता, आणि मेंदूला भुकेची वर्दी देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तिथेच तयार होते. जेवणाच्या आधी ते रक्तात चढते आणि जेवण झाले की उतरते. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ते उंदरांच्या जठरातून शोधून काढले, ते १९९९ साली. त्यामुळे बाबांनी ज्या पुस्तकांतून आम्हाला पचनसंस्था शिकवली त्यांत ते सापडणे शक्यच नव्हते. त्या काळी आम्ही वहीत जठर काढायचो ते आम्ल पाझरणारी आणि अन्न घुसळणारी एक पिशवी म्हणून. भुकेची घंटाही तीच वाजवते हे नंतर कळले.

दुसरी गोष्ट आतड्यात घडते. अरुंद नळीतून अन्न पूर्वीपेक्षा लवकर आतड्यात उतरते आणि ते पोचताच तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके पूर्वीपेक्षा जास्त सोडतात. बाबांनी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातमीचे जे कात्रण पाठवले होते त्यातले सेमाग्लुटाइड हे याच जीएलपी-१ची नक्कल करणारे औषध आहे. "हे आधी आले असते तर पोट कापावे लागले नसते" असे बाबांनी त्या कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे. त्यावर आपण समोरासमोर बसून वाद घालू, पत्रात नको.

यातून एक जुना हिशेबही मिटतो. नोकरी लागल्यानंतर मी कडक पथ्य करून वजन उतरवले आणि वर्षभरात ते व्याजासकट परत आले, तेव्हा सगळ्या घराण्याने त्याचा दोष माझ्या जिभेच्या माथी मारला होता. सिएटल येथील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की केवळ कमी खाऊन ज्यांनी वजन घटवले त्यांच्या रक्तात दिवसभर घ्रेलिन वाढलेले राहते, तर जठराचा बायपास (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याची, माझ्याहून वेगळी शस्त्रक्रिया) झालेल्यांत ते सामान्य माणसापेक्षाही बरेच कमी आढळते. त्याच्या कितीतरी आधी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले होते. काही काळाने त्या मुलांना अन्नाखेरीज दुसरा विषयच सुचेना, आणि त्यांतले काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. माझ्या पथ्याच्या दिवसांत मी रात्री अंथरुणात पडून सावजी रस्स्याचे बेत करीत असे, तो प्रकार याच जातीचा होता.

आता आईच्या काळजीविषयी. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने मला भूक नव्हतीच. सीताबर्डीतून जाताना समोशाच्या कढईचा वास यायचा, तो आवडायचाही, पण नाकापलीकडे जायचा नाही. कचेरीत सगळे डबे घेऊन उठले की दुपार झाली हे मला समजायचे. मोबाइलमध्ये गजर लावून मी वाटीभर घट्ट वरण औषध घ्यावे तसे संपवीत असे. वजन झपाट्याने उतरत होते, कपडे सैल होत होते, आणि लोक अभिनंदन करीत होते. पण खरे सांगायचे तर ज्याला भूकच लागत नाही त्याला सणाचा दिवस आणि साधा मंगळवार यांत फरक कळत नाही. गेल्या महालक्ष्म्यांना पंगतीत मी पुरणपोळीचा तुकडा बोटांत धरून बराच वेळ बसलो होतो. पोरगे उपाशी आहे, असे आईला तेव्हा वाटले. मी उपाशी नव्हतो. ती पोळी खावीशी वाटावी एवढीच माझी इच्छा होती आणि ती वाटत नव्हती. (त्याच सुमारास केस गळाले, तेही आईने पाहिले. एवढ्या वेगाने वजन उतरले की तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात आणि पुढे परत येतात. माझे आले आहेत.)

त्यानंतर, यंदाच्या चैत्राच्या आसपास, भूक हळूहळू परत येऊ लागली. ती येणार हे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितले होते. वर्ष-दीड वर्षात नळी थोडी सैलावते, शरीर बदललेल्या संप्रेरकांशी जुळवून घेते, आणि थोडे घ्रेलिन लहान आतड्यातही तयार होतच असते. तेव्हा बाबा, भूक लागली म्हणजे टाके उसवले असे मुळीच नाही. वजन उतरण्याचा वेग याच सुमारास सगळ्यांचाच मंदावतो, तसा माझाही मंदावला आहे, आणि काही किलो पुढे परत येणेही पुष्कळांच्या बाबतीत घडते. आणि आई, भूक लागली म्हणून मी पूर्वीसारखा जेवू लागेन असेही नाही. भूक परतली आहे, पण तिची मिजास गेली आहे. ती सावकाश येते आणि दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोडाचे मूग खाल्ले की मुकाट्याने बसते.

ती शमली हे मला कसे कळते, तेही सांगतो, कारण ते पाहून तुम्ही दोघेही घाबरता. छातीच्या मधोमध हलका दाब येतो, एखादी उचकी लागते, कधी नाक वाहू लागते. ही खूण ओळखून चमचा खाली ठेवला तर काहीच होत नाही. त्यानंतर कोणाच्या आग्रहाखातर एक जरी घास घेतला तर तो घास छातीत अडून बसतो, तोंडाला पाणी सुटते, आणि शेवटी मोरीकडे धावावे लागते. दिवाळीत आत्याच्या घरी जे झाले ते याच एका घासामुळे; तिच्या बेसनात काही खोट नव्हती, हे तिला कृपया सांगावे.

भुकेची दोन सोंगेही आहेत, आणि बाबांची धास्ती त्यांतल्या दुसऱ्यापुरती रास्त आहे. पहिले सोंग आम्लाचे. पोटात वर जळजळते आणि ते हुबेहूब भुकेसारखे वाटते. त्यावर खाण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेली गोळी लागू पडते. दुसरे सोंग मनाचे आहे. साहेबांशी खटका उडाला की संध्याकाळी माझे पाय आपोआप कस्तुरचंद पार्काकडे तर्री-पोहे खायला वळतात, मग जेवून तास झालेला नसला तरी. या भुकेचा जठराशी काही संबंध नाही आणि कोणत्याही सर्जनची कात्री तिथवर पोचत नाही. मी तिथे जात नाही असे खोटे लिहिणार नाही. जातो, तर्रीतले हरभरे चमच्याने वेचून सावकाश खातो आणि पोहे निम्मे तसेच ठेवतो. गाडीवाल्याने पहिल्यांदा काय चुकले म्हणून विचारले. आता तो न सांगता पोहे कमी घालतो आणि हरभऱ्यांचा हात सैल सोडतो.

माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचे एक म्हणणे मला अनुभवाने पटले आहे: धोका जड अन्नाचा नाही, घसरणाऱ्या अन्नाचा आहे. मटणाचा तुकडा चावून चावून बारीक करावा लागतो आणि दोन-तीन तुकड्यांत पोट भरते. याउलट चहात बुडवलेला टोस्ट, संत्रा बर्फी, आईस्क्रीम आणि, आई, तुझा पातळ पोह्यांचा चिवडा हे पदार्थ तोंडातच विरघळतात आणि नळीतून सरळ खाली उतरतात. ना दाब येतो, ना उचकी लागते, आणि दूरदर्शनपुढे बसल्या बसल्या डबा रिकामा होतो. गेल्या खेपेचा चिवडा मी कचेरीत वाटून टाकला आणि त्याची फार स्तुती झाली. पुढच्या वेळी त्याऐवजी भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे पाठवावेत. मला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात घालायची असतात आणि जागा एवढीशी, म्हणून ताटात डाळ, पनीर, अंडे, मासळी यांचा मान पहिला. भाजी त्यानंतर, आणि पोळी-भाताला उरलेली जागा. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र कायम घ्यायच्या आहेत. त्या दिसल्या की बाबा "अजून औषधे सुरूच?" असे विचारतात, त्या आजारासाठी नसून, एवढ्याशा जेवणातून शरीराची गरज भागत नाही म्हणून आहेत.

आता महालक्ष्म्यांचे. मी ३१ ऑगस्टच्या रात्री आर्वीला पोचेन, म्हणजे १ सप्टेंबरच्या पूजेला घरी असेन. दरवर्षी आरती आणि नैवेद्य होईपर्यंत दुपारचे तीन वाजतात. तोवर निर्जळ राहणे मला जमणार नाही, कारण मला पाणी घटाघटा पिता येत नाही. दिवसभर घोट घोट घेतले तरच ते पुरते, आणि इथल्या उन्हाळ्याने मला हा धडा चांगलाच दिला आहे. सकाळी एक पेला दूध आणि मधे ताक मी घेईन, देवीचा त्यावर राग होणार नाही.

नैवेद्याचे पान आईने नेहमीसारखेच वाढावे. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, काही कमी करू नये. माझ्यासाठी एवढेच कर की पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीतून गूळ घालण्याआधी एक वाटी बाजूला काढ आणि तिला जिरे-हिंगाची फोडणी दे. मी आधी ती खाईन. सोळा भाज्यांची चव मी चमच्या-चमच्याने घेईन. पुरणपोळी चतकोर, आणि तिच्यावर तुपाची धार नको, एक चमचा पुरे. यंदा ती मला खावीशी वाटते आहे, हे मुद्दाम कळवतो. पानाजवळ पाण्याचे भांडे ठेवू नये, कारण पाणी मी जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतो. मला तेवढे खायलाही अर्धा तास लागतो, म्हणून मला पंगतीच्या टोकाला बसवावे, म्हणजे उष्टी काढणाऱ्यांची खोटी होणार नाही आणि वाढणाऱ्यांचा आग्रहही माझ्यापर्यंत थकून पोचेल. आत्या तरीही ऐकणार नाही. तिला बाबांनीच दटावले पाहिजे. माझे ती ऐकत नाही.

बाबांच्या आणखी काही शंका असतील तर त्यांनी त्या कागदावर क्रमाने लिहून ठेवाव्यात. सप्टेंबरच्या मध्यावर माझी तपासणी आहे, तेव्हा कागद तसाच डॉक्टरांपुढे ठेवीन आणि उत्तरे फोनवर न सांगता लिहून पाठवीन.

तुमची सूनबाई आणि मुले नमस्कार सांगतात.

आपला,
मिलिंद