आजीच्या नावाचे पैसे

चिपाटा, झांबिया

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. आजीच्या नावाने इथल्या मुलींसाठी दोन लाख रुपये ठेवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीला पारितोषिक द्यायचं, असं तुमच्या मनात आहे. बाबा, तुम्हाला हे सुचलं याचा मला फार आनंद झाला. पैसे जरूर द्या. पण पारितोषिक नको आणि ठेवही नको, असं मी आग्रहाने म्हणणार आहे. मुद्दलच खर्च करू या, एकाच मुलीवर, तिची बारावी होईपर्यंत.

तुम्ही विचारलंत, “तिथे तर सरकारने शिक्षण फुकट केलंय ना?” केलंय. जानेवारी 2022 पासून सरकारी शाळांत बारावीपर्यंत फी नाही. फार मोठं काम झालं ते. घरी बसलेली कितीतरी मुलं शाळेत परतली, वर्ग भरून वाहू लागले. पण फी हा खर्चाचा एक भाग होता. प्राथमिक शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असते, माध्यमिक शाळा मात्र लांब, आणि इथे गावागावातून एसटी फिरत नाही. मग वसतिगृह हवं, आणि वसतिगृहाचे पैसे अजूनही भरावे लागतात. खासदारांच्या मतदारसंघ निधीतून त्यासाठी सरकारी मदत मिळते, पण ती सगळ्यांना पुरत नाही.

ज्यांना मिळत नाही त्या काय करतात, ते नीट सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. शाळेजवळच्या वस्तीत तिघी-चौघी मिळून एक खोली भाड्याने घेतात. सोमवारी घरून मक्याचं पीठ घेऊन यायचं, स्वतः न्शिमा (त्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, इथलं रोजचं जेवण) शिजवायची, शुक्रवारी चालत घरी जायचं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी, दाराला धड कडी नाही, रात्री दिवा नाही. पीठ गुरुवारपर्यंत संपतं. मग साबणाचे, पिठाचे पैसे देणारा कुणीतरी भेटतो, आणि तो ते फुकट देत नाही. त्या पोरीला दिवस गेले की गाव तिलाच बोल लावतं. आई, हे वाचून तुला त्रास होईल हे मला कळतं. पण आपण पैसे कशासाठी देतोय हे तुलाही माहीत असायला हवं.

ज्या लहानशा स्थानिक निधीचा हिशेब मी बघते, त्यात एका मुलीच्या नावावर काय काय लागतं ते सांगते: वसतिगृहाचा खर्च, गादी, ब्लँकेट, कुलूप लावता येईल अशी पेटी, दोन गणवेश, बूट, सॅनिटरी पॅड, साबण, सौरदिवा, परीक्षेचं शुल्क, सुट्टीत घरी जायचं भाडं. गणवेशाचं कापड आम्ही इथल्या गुजराती दुकानदारांकडून घेतो, ते भावात सांभाळून घेतात. बाबा, यातल्या एकाही वस्तूवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. पण यातली एक जरी गोष्ट कमी पडली तरी मुलगी घरी परत जाते.

शिवाय वेळ अशी की शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. मका निघतो एप्रिलनंतर. म्हणजे घरातली कणगी रिकामी असते तेव्हाच वह्या-बुटांचा खर्च येतो; आपल्याकडे जूनमध्ये बियाणं आणि शाळा एकदम अंगावर यायची, तसंच. 2024 मध्ये इतका दुष्काळ पडला की फेब्रुवारीत सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. अशा वर्षी एक खाणारं तोंड कमी व्हावं आणि वर मुलीचं लोबोला, म्हणजे नवऱ्याकडून येणारे पैसे किंवा गुरं, हाती यावं, असा विचार बाप करतो. डिसेंबर 2023 मध्ये कायद्याने रूढीच्या लग्नालाही अठरा वर्षांची अट लावली. कायदा हवाच होता, पण त्याने घरात पीठ येत नाही.

आता पहिल्या नंबराचं. पहिली येणारी मुलगी बहुधा शाळेजवळ राहणारी, घरी दिवा असलेली असते. तिचं कौतुक होऊ दे, पण ती शाळा सोडणार नसते. आमच्याकडे शिक्षक, गावातल्या दोन-तीन आया आणि गावप्रमुख एकत्र बसून नावं ठरवतात, आणि कोणाचं शिक्षण या वर्षी सुटणार हे त्या आयांना बरोबर ठाऊक असतं.

तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून घानाचं सांगते. तिथे 2008 मध्ये उच्च माध्यमिकला प्रवेश मिळूनही पैशांअभावी अडलेल्या 2,064 मुलामुलींतून 682 जणांना सोडत काढून शिष्यवृत्ती दिली आणि पुढे कितीतरी वर्षं दोन्ही गटांची माहिती घेत राहिले. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींची शाळा पुरी होण्याचं प्रमाण खूप वाढलं, त्यांना मुलं उशिरा झाली, आणि त्या मुलांमध्ये बालमृत्यूही कमी आढळले. झिंबाब्वेत ‘कॅमफेड’ या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने 1993 मध्ये 32 मुलींपासून सुरुवात केली होती. त्या पहिल्या मुलींपैकी एक, अँजेलिन मुरिमिरवा, आज त्या संस्थेची प्रमुख आहे. शिकून बाहेर पडलेल्या मुलीच पुढच्यांना धरून ठेवतात, हे मी इथेही बघते.

मुलगी अगदी लांबची नसेल तर सायकलनेही काम होतं. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी एकाने पुढे झांबियाच्या दक्षिण प्रांतातही असाच अभ्यास केला; सायकल मिळालेल्या मुलींची गैरहजेरी 28 टक्क्यांनी घटली. आपल्या देशातली चांगली गोष्ट इथवर आली याचा मला खरंच अभिमान वाटतो.

एक अट मात्र तुम्ही घालू नका. मुलगी आई झाली तर शिष्यवृत्ती बंद, असं काही लोक म्हणतात. झांबियात 1997 पासून अशा मुलींना शाळेत परत यायची मुभा आहे. बाळ आजीकडे ठेवून परत यायला तयार असलेल्या मुलीला तर पैशांची सर्वात जास्त गरज असते. आई, या बाबतीत तू माझ्या बाजूने बोल.

माझ्या हिशेबाने दोन लाखांत एक मुलगी वसतिगृहात राहून बारावीची परीक्षा देईल. व्याजातून मात्र तिचं एक वर्षही निघणार नाही. पैसे कसे पाठवायचे ते मी बघते, आणि पावती-पावतीचा हिशेब दर सत्राला तुम्हाला पाठवीन. बँकेत जसा तपासायचात तसा तपासा. तिचा फोटो मात्र मागू नका, ती लहान आहे.

समिती नोव्हेंबरअखेर नावं नक्की करते. तोवर दोघं बोलून मला कळवा.

तुमची,
लेक