मैत्रीला निमित्त हवे

महोदय,

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या एकटेपणावर आपल्या दैनिकात रविवारी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. समुपदेशकाची मदत घेण्याचा त्यातील सल्ला योग्यच आहे आणि २०२२ पासून त्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकावरची विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे, परंतु मैत्री जुळायला निमित्त लागते, हा मुद्दा लेखात राहून गेला.

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातून मुलगी अमरावतीला शिकायला गेली, तेव्हा पहिले काही महिने ती आपला डबा जिन्याखाली एकटीच खात असे. तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला तर वर्ग हसेल, या धास्तीने ती बोलायचेच टाळत होती. पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात चार मुलींनी मिळून सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या, तेव्हा कुठे तिची जीभ मोकळी झाली. त्यातल्या तिघी आजही आमच्या घरी हक्काने मुक्कामाला येतात.

ही योजना १९६९ पासून चालू आहे, मात्र आमच्याकडे शिबिरे बहुधा हिवाळ्यात, म्हणजे नव्या मुलांचा सर्वांत कठीण काळ उलटल्यावर होतात. शिवाय रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांना शेवटचा तास संपताच गाडी गाठावी लागते, त्यामुळे सायंकाळचे कार्यक्रम त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. म्हणून गटाने करायचे असे काम प्रवेशानंतरच्या पहिल्याच महिन्यात आणि भर दुपारी, वेळापत्रकातच बसवावे, अशी विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे.

— एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ